आधी कामाची जागा बघ, मग वर्ग बांध

अगं, नोकरीसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचं नियोजन करायचं काम तू घेतेयस हे आईकडून कळलं आणि रात्रीच तुला लिहायला बसले. काकूने विचारलं म्हणे, ‘म्हणजे मास्तरीणबाई का?’ तिला नीट सांग. वर्गात शिकवणारी बाई वेगळी असेल. काय शिकवायचं, कुणाला, किती तास, दिवसाच्या कुठल्या वेळी, कुणाच्या हातून, आणि शिकून झाल्यावर ती मुलगी कुणाच्या दारात कामाला उभी राहणार, हे सगळं आधी बसून ठरवायचं ते तू. तीस जणींची एक बॅच धरली तर तीस घरांचं पुढचं वर्ष तुझ्या त्या तक्त्यावर अवलंबून असतं. म्हणून या कामाचं मला फार वाटतं, आणि म्हणूनच जे इथे राहून, काम करून उमगलं ते तुला मनापासून सांगतेय.

आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या भोवतालीच बघ ना. एका अंगाला आयएनए मार्केट, थोडं पुढे सफदरजंग आणि एम्स, दुसरीकडे सरोजिनी नगरचा बाजार. या सरकारी क्वार्टरांच्या अवतीभवतीच पिलंजी गाव आणि कोटला मुबारकपूरच्या गल्ल्या, एकेका खोलीत पाच-सहा माणसं. कामं इथेच आहेत, कामाच्या शोधात असलेल्या मुलीही इथेच आहेत, तरी दोन्हींची गाठ पडत नाही. रुग्णालयं म्हणतात, हाताखाली घेण्याजोगी माणसं मिळत नाहीत. मुली म्हणतात, कोर्स केला, सर्टिफिकेट आहे, पण कुणी उभं करत नाही. दोघंही खरं बोलतात. मधला दुवा कच्चा राहिलेला असतो, आणि तो पक्का करण्याचा पगार तुला मिळणार आहे.

माझं एकच सांगणं आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं. आधी कामाची जागा बघ आणि तिथून मागे मागे येत वर्ग बांध. बहुतेक ठिकाणी हे उलट चालतं. आधी स्कीम येते, मग टार्गेट, मग सेंटर, मग मोबिलायझेशनच्या नावाखाली मुली गोळा करणं, आणि नोकरी कुठे लावायची हा विचार शेवटच्या आठवड्यात.

समजा, रुग्णालयातल्या जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा कोर्स तुला बसवायला दिला. ऑफिसात तुला तयार क्वालिफिकेशन पॅक मिळेल, त्या कामाला काय काय यायला हवं ते लिहिलेला. तो वाचच, तो सोडून चालणार नाही, परीक्षा त्याच्यावरच होते. पण त्याआधी परवानगी काढून वॉर्डात जा. ड्युटी बदलायच्या आधी पोच आणि कुणाच्या पायात न येता एका कडेला उभी राहा. रात्रपाळीची अटेंडंट सकाळच्या बाईला घाईघाईत काय सांगते ते ऐक: सहा नंबरला स्वतःहून वळता येत नाही, कूस बदलत राहा, नऊची लघवीची पिशवी मापून ओतायची राहिलीय, बाराचे नातेवाईक रात्रभर जागे आहेत, जरा सांभाळून बोल. एवढ्या बोलण्यावर पुढचे आठ तास चालतात. यातली एक गोष्ट सांगायची राहिली तर दुपारपर्यंत कुणाच्या तरी पाठीवर लाल चट्टा उठतो.

मग चादर बदलताना बघ, पेशंट पलंगावर असतानाच. त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, नवी तेवढीच पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन पलीकडून दोन्ही ओढायच्या. हे करताना ती बाई कमरेतून वाकते की गुडघ्यातून, ते बघ. कमरेतून वाकणारी पाठ धरून लवकरच काम सोडते. मग कचरा. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि कॅथेटर लाल पिशवीत, सुई पांढऱ्या पक्क्या डब्यात, काच निळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हे रंग ठरवून दिलेत आणि तक्ता प्रत्येक भिंतीवर असतो. पण धावपळीत तक्ता वाचायला वेळ कुणाला? हाताला सवय हवी. आणि हाताची सवय भाषणाने लागत नाही, पुन्हा पुन्हा करून लागते. म्हणजे तुझ्या वेळापत्रकात त्याला तास हवेत, त्या चार रंगांच्या पिशव्या आणि डबे सेंटरवर हवेत, आणि त्यांचा खर्च बजेटात आधीच धरलेला हवा. प्रोजेक्टरवर पिशव्यांची चित्रं दाखवून हे भागत नाही.

हे बघून आलीस की काम जाणणाऱ्यांना एकत्र बसव. कॅनडात निघालेली डेकम नावाची एक पद्धत आहे, आपल्या क्षेत्रात ती तुझ्या कानावर येईलच. तेच काम रोज करणारी आठ-दहा अनुभवी माणसं दोन दिवस एका खोलीत बसतात, आपण काय काय करतो ते एकेक सांगतात, एकेका कामाचं एकेक कार्ड भिंतीवर लागतं. चालवणाराला ते काम यायलाच हवं असं नाही, त्याला विचारता यायला हवं. यात तू एक काळजी घे. अटेंडंट बायांना बोलावलंस तर त्या दोन दिवसांची त्यांची मजुरी दे. आणि त्यांच्या साहेबीणबाईंना त्याच खोलीत बसवू नकोस, नाहीतर बाया ‘हो, सगळं नियमाप्रमाणे होतं’ एवढंच म्हणतील. साहेबीणबाईंना वेगळं भेट, त्यांचंही ऐकून घे.

भिंतीवर शंभर कार्डं लागतात. सगळी शिकवायला तास कधीच पुरत नाहीत. मग प्रत्येक कार्डाला विचार: हे किती वेळा करावं लागतं? शिकायला किती अवघड आहे? चुकलं तर कुणाला इजा होईल? तिन्हींत वर आलेल्या कामांना भरपूर तास दे, बाकीची कामावर गेल्यावर शिकतील. शरीरातल्या हाडांची नावं पाठ करवण्यात दिवस घालवणारे कोर्स मी पाहिलेत. त्या मुलींना व्हीलचेअरचा ब्रेक लावून पेशंट उतरवता येत नव्हता. आता क्रेडिटच्या चौकटीत ३० तासांना एक क्रेडिट धरतात, त्यामुळे तास मोजायची सवय तुला लागेलच. फक्त प्रत्येक तासापुढे लिही, हा तास संपल्यावर मुलगी काय करून दाखवेल. ‘महत्त्व समजेल’, ‘माहिती होईल’ असं काही त्या रकान्यात येऊ देऊ नकोस, कारण ते कुणालाच तपासता येत नाही.

हे सगळं परदेशातून आलेलं शास्त्र आहे असं समजून दबून जाऊ नकोस. आपल्या बायकांनी हे शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलंय. रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवा आणि गरजू बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, एवढं ठरलेलं. त्या काळी परिचारिकेचं काम म्हणजे पांढरपेशा घरांत नाक मुरडण्याची गोष्ट; परपुरुषाची शुश्रूषा करायची, रात्री घराबाहेर राहायचं. सेवासदनाने ससून रुग्णालयाशी जोडून घेऊन बायकांना शुश्रूषा शिकवली आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. ही राहण्याची सोय मला त्या सगळ्यात फार मोठी वाटते. वसतिगृहाशिवाय तो वर्ग रिकामा राहिला असता. कुठल्या घराने मुलगी पाठवली असती?

आणि दिल्लीतच बघायचं तर दिल्ली हाट–आयएनए स्टेशनवर पिंक लाइन पकड. चौथं स्टेशन दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघालं तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा. खेड्यापाड्यांत परिचारिका, दाया, शिक्षिका, ग्रामसेविका हव्या होत्या, जागा मंजूर होत्या, पण त्या प्रशिक्षणाला बसायला लागणारं शालेय शिक्षणच बायकांकडे नव्हतं. अडलं होतं ते त्या पायरीवर. म्हणून १९५८ पासून मोठ्या बायकांसाठी थोडक्या काळात शाळा पुरी करून देणारे संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. रिकाम्या जागेपासून निघायचं आणि मागे येत येत बाई नेमकी कुठे अडलीय तिथवर पोचायचं. मी तुला जे सांगतेय ते हेच. दुर्गाबाईंच्या स्टेशनाआधीचं स्टेशन मोती बाग, आणि न्यू मोती बागेत आता कौशल्य विकास मंत्रालयाचं कौशल भवन आहे. तुझ्या फाइली तिथवर जातील तेव्हा एक स्टेशन पुढे कुणाचं नाव आहे ते लक्षात असू दे.

मुंबईतही वरळीला १९६७ साली देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, कामगारांसाठी. त्याच कल्पनेची पुढे जन शिक्षण संस्थानं झाली, आणि ती आजही शाळा सुटलेल्यांना त्यांच्या वस्तीजवळ जाऊन शिकवतात. महाराष्ट्रात काम करायची वेळ आली तर आधी त्या जिल्ह्याचं संस्थान शोध. वस्तीची नाडी त्यांना ठाऊक असते.

आता वस्तीचंच बोलू, कारण नियोजनातला निम्मा भाग तिथे घडतो. कोटल्यातली एकोणीस वर्षांची मुलगी धर. सकाळी पाणी येतं तेव्हा तिला घरी असावं लागतं. मग धाकट्या भावाला शाळेत सोडायचं. आई दोन-तीन घरची धुणीभांडी करून दुपारी परतते, तोवर चूल हिच्याकडे. आणि आपण बॅच ठेवतो सकाळी नऊ ते दुपारी एक, कारण ट्रेनरला ते सोयीचं! मग पंधराव्या दिवशी हजेरी घसरते आणि अहवालात जातं की मुलींमध्ये चिकाटी नाही. पोरी, असं वाक्य तुझ्या अहवालात कधी येऊ देऊ नकोस. बॅच उघडायच्या आधी दहा घरी जा, चहा घे, आईशी बोल, बापाशीही बोल. दिवस कसा जातो ते विचार आणि मग वेळ ठरव. दोन ते सहाची बॅच भरेल, नऊची भरणार नाही, एवढं तुला त्या दहा घरांत कळेल.

जाण्यायेण्याचंही तसंच. २०१९ च्या भाऊबीजेपासून दिल्लीत डीटीसीच्या बसला बायकांचं भाडं माफ झालं, त्याचा मुलींना खरंच आधार झाला. पण संध्याकाळची पाळी रात्री संपते तेव्हा त्या मार्गावर बस असते का? स्टॉपपासून घरापर्यंतच्या गल्लीत दिवा आहे का? हे तू स्वतः एकदा त्या वेळेला चालून बघ, कुणाला तरी सोबत घेऊन. प्लेसमेंटच्या यादीत रुग्णालयाचं नाव लिहिणं सोपं आहे. त्या मुलीने दुसऱ्याच आठवड्यात नोकरी का सोडली याचं उत्तर बहुधा त्या गल्लीत सापडतं. कधी पहिल्या पगाराआधी खोलीचं भाडं द्यायचं असतं, हेही कारण असतं. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत म्हणूनच नोकरी लागल्यावर दरमहा १००० रुपये मदतीची तरतूद ठेवली: जिल्ह्यातच असेल तर दोन महिने, राज्यात तीन, राज्याबाहेर सहा. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला मुलगी परक्या गावात पहिल्या महिन्यात काय भोगते ते ठाऊक होतं. रक्कम थोडी आहे, पण ती दिशा धर. तुझ्या योजनेत असा पैसा नसेल तर देणगीदाराकडे माग, कंपनीच्या सीएसआरकडे माग.

आकड्यांचा धाक तुला बसणारच, त्याचीही तयारी ठेव. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कौशल्य द्यायचं ठरवलं होतं. २०१५ च्या धोरणातच म्हटलंय की आपल्याकडे औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले कामगार ४.६९ टक्के, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६. एवढी मोठी दरी दिसली की वरपासून खालपर्यंत सगळे डोकी मोजायला लागतात, आणि मोजायला सगळ्यात सोपं असतं सर्टिफिकेट. सरकारी कौशल्य योजनांसाठीच्या २०१५ च्या सामायिक निकषांनी सेंटरचे पैसे तीन हप्त्यांत बांधले: बॅच सुरू होताना ३० टक्के, सर्टिफिकेट झाल्यावर ५०, आणि नोकरी सिद्ध झाल्यावर उरलेले २०. नंतर हे हप्ते बदलत गेले, पण त्यावरून तुला खाचखळगे कळतील. ऐंशी टक्के पैसा नोकरीच्या आधीच हाती येत असेल तर सेंटरचा जीव कशात अडकेल, तूच सांग. त्याच निकषांत तीन महिन्यांत ७० टक्के जणांना काम मिळायला हवं असंही होतं. तू मात्र तुझ्या टीमसाठी तुझा स्वतःचा आकडा ठेव: सहाव्या महिन्यात अजून कामावर किती जणी आहेत, त्याच जागी किंवा त्याहून बऱ्या जागी. कुणी मागितला नाही तरी काढ. दर बॅचला फोन करायला एक माणूस आणि त्याचे तास आधीच धर, कारण नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.

आणि एक गोष्ट हळू आवाजात सांगते. कधीतरी तुला कुणी म्हणेल, हजेरी जरा भरून टाक, ऑफर लेटर तर आहेत ना, मुलगी गेली की नाही ते कोण बघतंय. माझ्यावरही अशी वेळ आणली गेली होती, एका ठिकाणी. वरिष्ठ गोड बोलत होते. मी सही केली नाही, आणि पुढचे महिने तिथे जड गेले. तरी तुलाही तेच सांगेन. तोंडी नाही म्हणू नकोस, ईमेलवर लिही: ‘या बॅचमध्ये प्रत्यक्ष हजर इतक्या जणी आहेत, उरलेल्यांची पडताळणी झाल्यावर कळवते.’ भांडण नको, आरोप नको, फक्त खरा आकडा लेखी. चांगली संस्था असेल तर तिथेच थांबते. नसेल तर तू दुसरी नोकरी शोधायला लाग, आणि तोवर इथे राहायला ये. क्वार्टर लहान आहे पण तुझी गादी पसरेल.

ट्रेनर निवडताना पदव्यांच्या राशीला भुलू नकोस. जिने ते काम वर्षानुवर्षं केलंय आणि जिला नव्या मुलीवर ओरडल्याशिवाय सांगता येतं अशी बाई शोध. तिला शिकवायचं कसं ते ट्रेनरांच्या प्रशिक्षणात, म्हणजे टीओटीत, शिकवता येतं. हातातलं कसब तितक्या दिवसांत येत नाही. नियमाने पदवी लागतेच तर दोघी ठेव, एक कागदावरची आणि एक वर्कशॉपमधली. भाषा मुलींची असू दे. इथे हिंदी, त्यातही भोजपुरी-मैथिली बोलणाऱ्या पुष्कळ. नांदेडला गेलीस तर तिथली मराठी, सीमेवर तेलुगूही लागेल. इंग्रजी शब्द कामाच्या जागेवर जेवढे लागतात तेवढेच आणि तसेच शिकव: बेडपॅन, सलाइन, शिफ्ट, हँडओव्हर.

मालकांशी बोलायला लाजू नकोस. रुग्णालयाचा एचआर ‘पाठवा, बघू’ म्हणेल. तेवढ्यावर बॅच उघडू नकोस. किती जागा, कुठल्या पाळीत, हातात पगार किती, पीएफ-ईएसआय कापतात का, जेवणाचं काय, हे लेखी घे. अप्रेंटिसशिपवर घ्यायला तयार असतील तर फारच बरं; मुलीला काम करता करता विद्यावेतन मिळतं आणि मालकाला माणूस पारखता येतो. आणि कोर्सच्या मधल्या आठवड्यातच मुलींना ती जागा दाखवून आण. काहींना रक्त बघून चक्कर येईल, एखादी म्हणेल मला हे जमणार नाही. तिला तिथेच दुसऱ्या कोर्सकडे वळव, तिचे महिने वाचतील. ड्रॉपआउटचा आकडा एकने वाढला तर वाढू दे.

तुझं स्वतःचंही बघ ग. या क्षेत्रात नोकऱ्या बहुधा प्रोजेक्टच्या असतात. प्रोजेक्ट संपला की करार संपतो. म्हणून पहिल्या पगारापासून थोडे बाजूला टाकत जा. जिल्ह्यांचे दौरे असतील, राहायची व्यवस्था कोण करणार आणि प्रवासाचे पैसे आधी मिळणार की बिलं लावून, ते विचार. एक साधी वही ठेव, त्यात रोज कोण भेटलं, कुठली जागा बघितली ते लिही. नवी ऑफर आली तर तीच तुझी खरी पुंजी असेल. आणि आईला दर रविवारी फोन कर. मला तिच्याकडून तुझी बातमी कळायला नको, तुझ्याकडून तिला कळू दे.

ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी मला फोटो पाठव. पगाराच्या ओळीपेक्षा मला नोटीस पिरियड आणि करार किती महिन्यांचा आहे ते बघायचंय. आणि मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात ना, तेव्हा विचार: मागच्या बॅचमधल्या दोन मुलींना मी फोन करू शकते का?